लोणार: वऱ्हाडातला खारा किनारा

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही, पण या जिल्ह्यावर पडणारा पाऊस दोन समुद्रांना जाऊन मिळतो. घाटाखालचे पाणी नळगंगा, ज्ञानगंगा, मन अशा नद्यांतून पूर्णेत उतरते, पूर्णा तापीला मिळते आणि तापी अरबी समुद्राला. घाटावरचे पाणी उलट्या दिशेने निघते. पैनगंगा आणि खडकपूर्णा आपापल्या वाटेने गोदावरीच्या खोऱ्यात जातात आणि ते पाणी शेवटी बंगालच्या उपसागराला लागते. एक पाणी मात्र यातल्या कुठल्याच वाटेला लागत नाही. ते लोणार सरोवराचे. चारी बाजूंनी उभ्या कड्यांनी वेढलेल्या खळग्यात ते साठले आहे. आत यायला त्याला झरे आहेत, पावसाळी ओघळ आहेत. बाहेर पडायला एकही ओढा नाही.

लोणारविषयी लिहिताना उल्का, खारे पाणी, गुलाबी रंग, हेमाडपंती देवळे अशी नवलांची यादी दिली जाते. ती सगळी नवले खरी आहेत. पण ती सुटी सुटी पाहिली तर लोणार कळत नाही. आत आलेले पाणी इथून बाहेर जात नाही, ही एक गोष्ट धरून चालले की खार, जीव, गाळ, देवळे आणि आजची काळजी, सगळे एका सूत्रात येते.

दुर्गम किनारे पाहायला जगभरचे प्रवासी छोट्या जहाजांतून हिंडतात. ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला ब्रूम ते डार्विन या टापूत अशी जहाजे किंबर्लीच्या किनाऱ्याने जातात. निर्मनुष्य खाड्या, रान आणि तिथल्या आदिवासींनी खडकांवर रंगवलेली वाँजिना चित्रे हे त्या सफरींचे मोठे आकर्षण असते. आपला वऱ्हाडातला खारा किनारा सगळा मिळून साधारण चार किलोमीटरचा, आणि तो पायी फिरायचा. पण रान, खाऱ्या पाण्यातले वेगळे जीव आणि शेकडो वर्षांचा वारसा तिन्ही या एवढ्याशा वर्तुळात एकमेकांना खेटून आहेत.

खडकावर बसलेला घाव

लोणारच्या विवराचा सरासरी व्यास १.८३ किलोमीटर आहे. काठावरून पाण्यापर्यंतची खोली सुमारे १५० मीटर. भोवतालच्या शेतजमिनीपेक्षा विवराचा काठ वीसएक मीटर उंच आहे, त्यामुळे दुरून येणाऱ्याला एक सपाट माथ्याची लांबट टेकडी तेवढी दिसते. ती चढून गेल्यावर पायाखाली एकदम खोल हिरवा खळगा उघडतो आणि त्याच्या तळाशी सुमारे १.२ किलोमीटर व्यासाचे जवळजवळ गोल पाणी.

ज्या खडकात हा खळगा आहे तो दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेले. विवराच्या भिंतीत असे सहा थर उघडे पडलेले दिसतात. सगळा प्रदेशच लाव्ह्याचा असल्यामुळे हा खळगाही ज्वालामुखीचेच तोंड असणार, असे अभ्यासकांना बराच काळ वाटले. सन १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे १८९६ मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक ग्रोव्ह गिल्बर्ट यांनी ॲरिझोनातल्या प्रसिद्ध विवराची चर्चा करताना लोणारचा उल्लेख केला. जमीन खचून खड्डा पडला असावा, हेही एक मत होते.

उल्काघाताची शंका लाफाँड आणि डाएट्झ यांनी १९६४ मध्ये मांडली. सन १९७२ मध्ये व्ही. के. नायक यांनी लोणारला सापडणाऱ्या काचमय कणांकडे लक्ष वेधले. निर्णायक पुरावा १९७३ मध्ये आला. फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम या भारतीय-अमेरिकन चमूने विवराच्या तळाशी बोअर घेतले आणि गाळाखालच्या भग्न खडकात मास्केलिनाइट शोधून काढले. बेसॉल्टमध्ये फेल्डस्पार नावाचे स्फटिक असतात. त्यांच्यावर अतिप्रचंड दाबाची लाट क्षणभर आदळली, तर ते न वितळताच आपली स्फटिकरचना गमावतात आणि काचेसारखे होतात. तेच मास्केलिनाइट. कुठल्याही ज्वालामुखीत एवढा दाब निर्माण होत नाही. तो फक्त आकाशातून आलेल्या दगडाच्या धडकेत निर्माण होतो. त्या दिवसापासून लोणारचा प्रश्न मिटला.

आदळलेला दगड पूर्वेकडून तिरका आला असावा, असे बऱ्याच अभ्यासकांना विवराभोवती पसरलेल्या मलब्यावरून वाटते. हा मलबा काठापासून एक किलोमीटरहून अधिक अंतरापर्यंत आढळतो. खुद्द तो दगड धडकेतच वितळून आणि वाफ होऊन गेला, म्हणून त्याचे मोठे तुकडे सापडत नाहीत.

हे केव्हा घडले यावर दोन आकडे वाचायला मिळतात आणि वाचक गोंधळतो. काचमय कणांत साठलेल्या किरणोत्सारी ऊर्जेचा प्रकाश मोजण्याच्या पद्धतीने १९९७ मध्ये ५२,००० वर्षे हे वय निघाले. वितळलेल्या खडकातल्या अरगॉन वायूचे प्रमाण मोजून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ते ५,७०,००० वर्षे, अधिक-उणे ४७,००० असे सांगितले. पुष्कळ पुस्तकांतून अजून पहिलाच आकडा दिलेला असतो. दुसरी पद्धत थेट आघातात वितळलेल्या खडकाचे वय मोजते, म्हणून तिचे वजन अधिक आहे.

लोणारचे खरे वेगळेपण त्याच्या खडकात आहे. पृथ्वीवर उल्काविवरे दोनशेच्या आसपास माहीत आहेत. त्यांतली फार थोडी बेसॉल्टमध्ये आहेत. ब्राझीलमधली वार्जेआँ आणि व्हिस्टा अलेग्रे ही त्यांतली ठळक नावे, पण ती झिजून गेली आहेत. लोणार अजून जवळपास मूळ आकारात उभे आहे. चंद्रावरच्या काळ्या मैदानांचा आणि मंगळाच्या मोठ्या भागाचा खडकही बेसॉल्टच. तिथल्या विवरांत काय घडले असेल हे ताडून पाहण्यासाठी वैज्ञानिक लोणारला येतात, ते यामुळे. मंगळाच्या उत्तरेकडच्या एका विवराला लोणारचेच नाव दिलेले आहे.

खार कुठून आला

समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेले हे पाणी खारे कसे? उत्तर भोवतालच्या दगडातच आहे. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन बेसॉल्टच्या फटींतून झिरपते. वाटेत ते खडकातले सोडियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून आणते. सरोवरात पोचल्यावर उन्हाने पाणी आटते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार लवकर साक्यासारखे खाली बसतात. सोडियम मात्र विरघळलेलाच राहतो. नदी असती तर तो वाहून गेला असता. इथे दर वर्षी नवा सोडियम येतो आणि जुना तिथेच असतो. हजारो वर्षे हा हिशेब असाच चालू राहिल्यावर पाणी सोडियम कार्बोनेटचे, म्हणजे सोड्याचे होते. लोणारच्या पाण्याचा सामू (पीएच) दहाच्या आसपास मोजला गेला आहे. पिण्याच्या पाण्याचा सामू सातच्या आसपास असतो, आणि या मोजपट्टीवर प्रत्येक पायरी दहापटीची असते. यावरून या पाण्याच्या तीव्रतेची कल्पना यावी. पापडखार ज्या जातीचा क्षार आहे, त्याच जातीचा हा.

माणसाने या क्षाराचा उपयोग फार पूर्वीपासून केला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'आइन-ए-अकबरी'त मेहकरच्या सरकारात लोणारची नोंद केली आहे. ब्राह्मण या जागेला विष्णुगया मानतात, इथल्या मोठ्या तलावातून काच आणि साबण करण्याचे साहित्य मिळते आणि त्यावर चांगला महसूल येतो, असे तो सांगतो. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की काठाच्या चिखलावर क्षाराचे पांढरे पापुद्रे धरतात. ते गोळा करून त्यांची प्रतवारी केली जाई. पापडी, डल्ला, भुसकी, खुप्पल अशी त्या प्रतींची नावे इंग्रजी काळातल्या नोंदींत आढळतात. बांगड्यांची काच, साबण, कपड्याचा रंग पक्का करणे अशा कामांना हा माल जाई. आज तो उद्योग थांबला आहे, पण लोणारचे पाणी ही त्या काळी कमाई होती हे विसरता कामा नये.

धारेपासून कमळजेपर्यंत

सरोवराचा फेरा धारेपासून सुरू करावा. लोणार गावाच्या बाजूला, विवराच्या काठालगत गोमुखातून पाण्याची धार बारमाही पडते. लोक तिला धार म्हणतात, सीतान्हाणीचे कुंडही इथेच. पाणी गोड. विवराच्या भिंतीत लाव्ह्याचे थर कापले गेले आहेत. वरच्या पठारावर मुरलेले पाणी थरांमधल्या भेगाळ पट्ट्यांतून वाहत येते आणि जिथे थर तुटला तिथे बाहेर पडते. म्हणून भर उन्हाळ्यातही धार चालू असते. पर्वणीला भाविक इथे स्नान करतात आणि कुंडाभोवतीची छोटी देवळे पाहून पायऱ्या उतरू लागतात.

खाली उतरताना झाडी बदलत जाते. वरच्या उतारावर सीताफळ, कडूनिंब, चिंच; खाली सपाटीवर बाभूळ आणि तिच्या जागेवर चढाई केलेली विलायती बाभूळ. जुन्या इंग्रजी वर्णनांत खजुरी, चिंच आणि बाभूळ यांचे एकामागोमाग एक असे गोलाकार पट्टे पाण्याभोवती असल्याचे लिहिले आहे. पाण्याजवळ जाऊ तशी माती अधिक खारी होत जाते आणि तो खार सोसणारी झाडेच पुढे सरकू शकतात. शेवटचा पट्टा बोडक्या करड्या चिखलाचा. त्यात काहीच उगवत नाही आणि पाऊल टाकले तर घोट्यापर्यंत रुतते.

या झाडीत वानरे, मोर, घोरपडी दिसतात; बिबट्याचाही वावर आहे. पाण्याच्या कडेने शेकाट्या लांब गुलाबी पायांवर चालत चिखल टोचत असतात. टिबुकल्या बुड्या मारतात. हिवाळ्यात चक्रवाक येतात आणि कधी कधी रोहित पक्ष्यांचे थवेही उतरतात. हा सगळा परिसर सन २००० मध्ये अभयारण्य घोषित झाला. त्याचे क्षेत्र ३६५ हेक्टर म्हणजे साडेतीन चौरस किलोमीटरच्या थोडे वर आहे.

या रानाच्या आत देवळे आहेत. रामगया, शंकर-गणेश, वाघ महादेव, मोर महादेव, मुंगळ्याचे मंदिर अशी नावे गावकरी सांगतात. काही देवळे अजून उभी, काहींचे खांब तिरपे झालेले, काहींच्या चौथऱ्यांना सरोवराचे पाणी लागते. चुन्याशिवाय घडीव दगड एकमेकांत बसवून रचलेली ही हेमाडपंती बांधणी. बहुतेक देवळे उत्तर चालुक्य आणि यादव काळाची ठेव आहेत. गर्भगृहे छोटी आणि अंधारी, छताचे दगड एकावर एक पुढे सरकवत मिटवलेले, दारांच्या चौकटींवर वेलबुट्टी. मुळे दगडांच्या फटीत शिरली आहेत आणि अनेक देवळांत आता वटवाघळेच वस्तीला असतात.

काठावरचे सर्वांत जागते दैवत कमळजा देवी. नवरात्रात तिच्या दर्शनाला पंचक्रोशीतून माणसे खाली उतरतात. एरवी निर्मनुष्य असलेला हा किनारा त्या दिवसांत गजबजून जातो. देवळाजवळच सासू-सुनेची विहीर आहे. तिच्या एका बाजूचे पाणी गोडे आणि सरोवराकडच्या बाजूचे खारे अशी तिची ख्याती. एका घरात राहून दोघींचे जमत नाही, म्हणून हे नाव. उतारावरून झिरपत येणारे गोडे भूजल आणि सरोवराचे जड खारे पाणी जिथे समोरासमोर येतात, अशा सीमेवर ही विहीर खोदलेली आहे. तलावाच्या काठालगत गोडे पाणी मिळते, ही गोष्ट अबुल फजलच्याही कानावर गेली होती.

लवणासुराची कथा

वर गावात दैत्यसूदन मंदिर आहे. लोणारच्या वास्तूंतले हे सर्वांत देखणे. ताऱ्यासारखा कोन फुटत गेलेला पाया, उंच जोते, बाहेरच्या भिंतींवर देवतांची आणि सुरसुंदरींची रांग, आणि आत छतावर कोरलेले कथाप्रसंग. मंदिर विष्णूचे आहे आणि त्याची कथा थेट सरोवराशी जोडलेली आहे.

लवणासुर नावाचा दैत्य इथे जमिनीखाली दडून राहत होता. त्याच्या उपद्रवाला कंटाळून देव विष्णूला शरण गेले. विष्णूने देखण्या तरुणाचे रूप घेतले. लवणासुराच्या दोन बहिणी त्याच्यावर भुलल्या आणि त्यांनी भावाची लपण्याची जागा सांगून टाकली. विष्णूने पायाच्या अंगठ्याने त्या बिळावरचे झाकण उडवले आणि दैत्याला मारले. झाकण दूर जाऊन पडले, त्याची टेकडी झाली. दैत्य पडला तो खड्डा हेच विवर. त्याच्या रक्ताचे पाणी झाले आणि मांसाचा खार.

या कथेत उल्केचा उल्लेख नाही. कुणी माणसाने तो आघात पाहिला आणि ही कथा रचली असे म्हणणे धाडसाचे ठरेल. आघात पाच लाख वर्षांपूर्वीचा असेल तर ते अशक्यच आहे. पण कथा रचणाऱ्यांची नजर बारीक होती. हा खड्डा आपोआप पडलेला नाही, इथून काहीतरी प्रचंड उचकटून दूर फेकले गेले आहे आणि पाण्याचा खार या जागेच्या पोटातून आला आहे, एवढे त्यांनी नीट पाहिले होते. भूवैज्ञानिकांना जे तीन प्रश्न पडले तेच या कथेने आधी विचारले होते.

सरोवरापासून जवळच अंबर तळे नावाचा दुसरा लहान खळगा आहे. मुख्य उल्केचाच एखादा तुकडा तिथे पडला असावा, असे मत मांडले गेले आहे. त्याच्या काठी मोठ्या मारुतीचे देऊळ आहे, त्यातली मूर्ती आडवी, निजलेली. तिच्या दगडाजवळ होकायंत्राची सुई हलते म्हणून तो दगड उल्केचा, असे सांगतात. बेसॉल्टमध्ये लोहाचे चुंबकीय खनिज मुळातच असते, त्यामुळे सुई हलण्याला उल्का लागत नाही. ज्या भक्ताने मूर्ती घडवायला हा दगड निवडला, त्याची श्रद्धा त्यामुळे कमी होत नाही.

गाळातले पावसाळे

पाणी बाहेर जात नाही, तसा गाळही जात नाही. विवराच्या मूळ तळावर आज साधारण शंभर मीटर जाडीचा गाळ साचला आहे. दर पावसाळ्याने त्यात आपला थर घातला. पाऊस भरपूर झाला तर माती जास्त आली, दुष्काळ पडला तर पाणी आटून क्षार दाट झाले. ही वही फाटली नाही आणि कुणी धुऊनही नेली नाही.

भारतीय आणि जर्मन संशोधकांनी २००८ मध्ये सरोवराच्या तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा गाभा बाहेर काढला. त्यात गेल्या अकराएक हजार वर्षांचे पावसाळे क्रमाने वाचता येतात. काही थरांत त्यांना गेलुसाइट या खनिजाचे स्फटिक मिळाले. सोडियम आणि कॅल्शियमचे हे कार्बोनेट पाणी फार आटून दाट झाले तरच तयार होते. म्हणून ते दीर्घ अवर्षणाची खूण ठरते. अशी दोन मोठी अवर्षणे दिसली: एक सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी, दुसरे सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वी. पहिल्या काळाच्या अखेरीस सिंधू खोऱ्यातली मोठी नगरे ओस पडू लागली. मध्य भारतातला मॉन्सून तेव्हा किती दुबळा होता, याचा पुरावा बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलात मिळावा, ही साधी गोष्ट नाही.

दुसरा काळ लोणारच्या देवळांच्या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. देवळांची बांधणी याच शतकांत येते. सरोवर तेव्हा आजच्यापेक्षा उथळ आणि किनारा रुंद असणार, असा तर्क करता येतो. आज पाणी लागलेले चौथरे तेव्हाच्या कोरड्या जमिनीवर रचले गेले असतील. आणि पाऊस कमी असलेल्या त्या काळात बारमाही गोड्या पाण्याची धार केवढी मोलाची असेल! तिच्याभोवती तीर्थ उभे राहिले, गावात लिंबी बारवेसारख्या पायऱ्यांच्या विहिरी बांधल्या गेल्या, आणि दानाचे पैसे दगडी कामाला लागले, यात नवल वाटत नाही. देवळे आणि गाळ या एकाच काळाच्या दोन नोंदी आहेत.

हिरवे पाणी, गुलाबी पाणी

एरवी सरोवराचे पाणी गर्द हिरवे असते. तो रंग स्पिरुलिना नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूक्ष्म नील-हरित जीवाचा. त्याला सोड्याचे पाणीच मानवते. इथे स्पर्धक कमी, ऊन भरपूर आणि कार्बोनेट अमर्याद, त्यामुळे तो दाट वाढतो. तोच रोहित पक्ष्यांचा आहार. तळाच्या प्राणवायूविना असलेल्या चिखलात मिथेन तयार करणारे आणि मिथेनवर जगणारे असे दोन्ही प्रकारचे जिवाणू आहेत. लोणारच्या पाण्यातूनच पहिल्यांदा वेगळ्या केलेल्या एका जिवाणूच्या प्रजातीला 'इंडिबॅक्टर अल्कॅलिफिलस' असे नाव देण्यात आले.

जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले आणि त्याची छायाचित्रे देशभर गेली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची दखल घेतली. नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था यांच्याकडून नमुन्यांची तपासणी झाली. कारण स्पष्ट झाले: उन्हाळ्यात पाणी आटून खारटपणा वाढला आणि हॅलोआर्किया हे अतिखारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव माजले. प्रखर उन्हापासून बचावासाठी ते गुलाबी रंगद्रव्य बनवतात. पाऊस झाला, पाणी पातळ झाले आणि रंग ओसरला. गेलुसाइटने हजारो वर्षांच्या मापाने सांगितले तेच या रंगाने एका उन्हाळ्यात सांगितले: इथे पाण्याची पातळी बदलली की सगळे बदलते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार रामसर करारातील पाणथळ स्थळ झाल्याचे जाहीर झाले. नाशिकच्या नांदूर मध्यमेश्वरनंतर महाराष्ट्रातले हे दुसरे. राष्ट्रीय भूवारसा स्मारकाचा मान त्याला १९७९ मध्येच मिळाला होता.

जगातली भावंडे

ज्या किंबर्लीच्या किनाऱ्यावर छोटी जहाजे हिंडतात, त्याच प्रदेशाच्या दक्षिणेला वाळवंटाच्या कडेवर वुल्फ क्रीक हे उल्काविवर आहे. व्यास सुमारे ८८० मीटर. युरोपीय लोकांना ते १९४७ मध्ये विमानातून दिसले. तिथल्या जारू लोकांना ते फार आधीपासून कांडिमलाल या नावाने ठाऊक होते. दोन इंद्रधनुषी सर्पांनी तिथल्या दोन ओढ्यांच्या वाटा आखल्या आणि त्यांतला एक जिथे जमिनीतून वर आला तिथे हा खड्डा पडला, असे त्यांची परंपरा सांगते.

घानामध्ये कुमासी शहराजवळ बोसुम्त्वी सरोवर आहे. सुमारे १० लाख ७० हजार वर्षांपूर्वीचे हे विवर साडेदहा किलोमीटर रुंद आहे आणि लोणारसारखेच त्याच्या पाण्यालाही बाहेरची वाट नाही. अशांती लोक त्याला पवित्र मानतात. मृतांचे आत्मे इथे देवाचा निरोप घ्यायला येतात, अशी त्यांची श्रद्धा आहे. या पाण्याला लोखंड लावायचे नाही हा जुना नेम, म्हणून तिथले कोळी परंपरेने होडी न वापरता लाकडाच्या सपाट फळीवर बसून हाताने पाणी वल्हवत जातात.

कॅनडात क्यूबेकच्या उत्तर टोकाला इनुइट लोकांच्या प्रदेशात पिंग्वालुइत विवर आहे. त्यातूनही बाहेर जाणारा ओढा नाही. पण तिथला खडक कठीण ग्रॅनाइटासारखा, हवा गोठवणारी आणि पाणी फक्त पाऊस-बर्फाचे. त्यामुळे ते जगातल्या अत्यंत शुद्ध पाण्यांपैकी एक ठरले. लोणारचा बेसॉल्ट आणि वऱ्हाडचे ऊन यांनी तशाच बंद खळग्यात अगदी उलटे पाणी घडवले. वुल्फ क्रीक आणि बोसुम्त्वीला स्थानिक माणसांनी विज्ञान येण्याआधीच ओळखले की ही जागा इतर जागांसारखी नाही, आणि बोसुम्त्वीला तर तिच्याशी वागण्याचे नियमही केले.

आत जाते ते राहते

आपल्या लोणारलाही तशाच नियमांची गरज आहे. नदीत घाण टाकली तर ती निदान पुढच्या गावाला जाते. हे समर्थन नव्हे, पण नदीला पूर येतो आणि ती काही प्रमाणात धुऊन निघते. लोणारला पूर येऊन धुऊन निघण्याची सोय नाही. विवराच्या काठावर नांदते गाव आहे. तिथले सांडपाणी उतारावरून खाली गेले, शेतातले खत पावसाबरोबर झिरपले, धारेखाली साबण वापरला गेला, की त्यातला नत्र आणि फॉस्फरस सोडियमसारखाच सरोवरात मुक्कामाला राहतो. गोडे सांडपाणी जास्त आले तर खार पातळ होतो आणि ज्या जीवांना खारच हवा त्यांची जागा साधी शेवाळे घेऊ लागतात. विलायती बाभळीने काठ व्यापला तर पक्ष्यांच्या चिखलाच्या जागा जातात आणि देवळांच्या सांध्यांत मुळे घुसतात.

यावर उपाय अवघड नाहीत. गावाचे सांडपाणी विवराच्या उतारापासून बाहेरच्या बाजूला वळवून शुद्ध करणे, काठालगतच्या शेतीत रासायनिक खते टाळणे, विलायती बाभूळ मुळासकट काढत राहणे आणि पाण्याची पातळी व खारटपणा दरमहा मोजून लोकांसमोर ठेवणे ही ती कामे. यांतल्या अनेक गोष्टींवर नागपूर खंडपीठात वर्षानुवर्षे सुनावण्या झाल्या आहेत. वन खाते, पुरातत्त्व खाते, नगरपालिका आणि जिल्हा प्रशासन यांचे हद्दीचे प्रश्न एका खळग्यात एकत्र येतात, म्हणून काम सावकाश होते. पण पाण्याला खातेवाटप कळत नाही.

पाहायला जाणाऱ्याने हिवाळ्यात, सकाळी लवकर आणि परवानगीने जावे. वाट माहीत असलेला स्थानिक माणूस सोबत घ्यावा, कारण कोणते देऊळ कुणाचे हे त्यालाच सांगता येते आणि त्याच्या मजुरीमुळे या किनाऱ्याची राखण करण्यात गावाचाही लाभ राहतो. साबण, प्लास्टिक, निर्माल्य खाली नेऊ नये. एखाद्याने टाकलेली पिशवी वाऱ्याने उडून पाण्यात गेली तर ती कुठल्याही समुद्राला लागणार नाही; पुढच्या पावसाळ्याच्या गाळाखाली ती तिथेच गाडली जाईल. लोणारच्या बाबतीत जबाबदारी पुढे ढकलता येत नाही, कारण इथे पुढे असे काही नाहीच. लाखो वर्षे या खळग्याने आलेले सगळे सांभाळले आहे. आता त्यात काय जाऊ द्यायचे, हे ठरवणे एवढेच आपले काम आहे, आणि ते करता येण्यासारखे आहे.